वाढत जाणारा लंबक

लंबक थांबत नव्हता. त्याचं काही नव्हतं, हवेचा रोध आम्ही धरलाच नव्हता. पण तो वाढत होता. सरांनी १० अंशांवरून सोडलेला लंबक एका झोक्यानंतर १६ अंशांवर पोचला, दुसऱ्या झोक्यानंतर २६ वर, आणि स्प्रेडशीटमधल्या आलेखाची रेघ उजवीकडे सरकत जाताना आडव्या धरलेल्या नरसाळ्यासारखी रुंदावत गेली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. तीस-एक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. खऱ्या दोऱ्याला टांगलेला खरा गोळा त्यांनी किती वेळा सोडला असेल, आणि तो दर वेळी थोडा थोडा मंदावतच गेला असेल. हा मात्र उलट्या दिशेनं निघाला होता. "ऊर्जा कुठून येतेय ह्याला?" ते स्वतःशीच पुटपुटले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकले, "काही नाही सर, फॉर्म्युल्यात छोटंसं राहिलंय," म्हणाले, कोनाच्या रकान्यात सी२ होतं तिथे सी३ केलं आणि तो फॉर्म्युला खालपर्यंत ओढला. नरसाळं मिटलं. रेघ शहाण्यासारखी वर-खाली व्हायला लागली. "हो, झालं," सर म्हणाले, आणि मी पुढच्या टेबलाकडे वळले.

कार्यशाळेच्या शेवटच्या सत्रात प्रत्येकानं आपापला प्रयोग दाखवायचा होता. सरांची पाळी आली तेव्हा ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "माझा लंबक तयार आहे, पण तो मॅडमनी केलाय."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. पण तेवढं एक वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि कितीतरी दिवस गेलंच नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. विज्ञान शिकवणारे, पण प्रोग्रॅमिंगशी कधी संबंध न आलेले शिक्षक मी दोन-तीन दिवस भेटते आणि त्यांच्या मनातला एखादा प्रयोग संगणकावर उभा करायला त्यांना मदत करते. सुरुवातीला मला वाटायचं, ह्यांच्याकडे प्रोग्रॅमिंगच तेवढं नाही आणि तेवढंच मी द्यायचं. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास नुसत्या भीतीचा असतो. वर्गात पन्नास मुलांपुढे खणखणीत बोलणारी माणसं त्या लुकलुकणाऱ्या कर्सरपुढे गप्प होतात. एंटर दाबण्याआधी माझ्याकडे बघतात. एका बाईंनी १० अंशांची साइन काढायला सांगितली आणि उत्तर आलं उणे ०.५४. त्यांनी चटकन लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जणू काही फुटलंय. फुटलं काहीच नव्हतं. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये मोजते, अंशांत नाही, आणि तिनं १० रेडियनची साइन बरोबर दिली होती. पण मला आठवतं ते पुढचं. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "१० अंशांची साइन ऋण येणारच नाही. ०.१७ च्या आसपास हवी." संगणकाला घाबरलेल्या बाईंना उत्तर चुकलंय हे आधीच ठाऊक होतं. नुसती आज्ञावली लिहिता येणाऱ्या कुणाकडे हे सहज सापडत नाही. आकडा बघून नाक मुरडायला विषय अंगात मुरलेला लागतो.

रसायनशास्त्राच्या एका बाईंना अनुमापन करायचं होतं, म्हणजे टायट्रेशन, आम्लात थेंबाथेंबानं अल्कली सोडून ते नेमकं कधी संपतं हे रंगावरून ओळखणं. मी त्यांना इंटरनेटवरचे तयार प्रयोग दाखवले, चांगले, देखणे. त्यांनी दोन-तीन चालवून बघितले आणि मान हलवली. "ह्यात रंग एकदम बदलतो. दिवा लावल्यासारखा. तसं होत नाही." मग त्या सांगायला लागल्या आणि मी टंकायचं थांबवून ऐकत राहिले. ब्युरेटमधून थेंब पडतो, आणि पडतो तिथेच गुलाबी डाग उमटतो. शंकुपात्र हलवलं की डाग विरतो. सुरुवातीला पडताक्षणी विरतो. नंतर जरा रेंगाळतो. मग एका थेंबाला तो जायला इतका वेळ लावतो की हात आपोआप तोटीवर घट्ट होतो. त्यानंतर एकेक थेंब, आणि शेवटी असा एक थेंब, ज्याचा गुलाबी रंग पात्र कितीही हलवलं तरी जात नाही, पण इतका फिका की खाली पांढरा कागद धरावा लागतो. "मुलांना हा रेंगाळणारा डाग दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तो वाचता आला की घाई होत नाही. आणि घाई केलीच, तर पात्र भडक गुलाबी होऊन सगळं परत करावं लागलं पाहिजे. तुमच्या ह्या प्रयोगात चूक करता येते का?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही तंत्रज्ञानं विचारलेला नाही. आम्ही चुका होऊ नयेत म्हणून रात्री जागवतो, आणि ह्यांना मुलांना चुकायला जागा हवी होती.

आकडे त्यांनी स्वतः मांडले. २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, तितक्याच तीव्रतेचं, ०.१ मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड. २४.९ मिलिलिटर पडेपर्यंत सामू, म्हणजे पीएच, ३.७ च्या आसपास. २५.१ ला १०.३. मधे फक्त ०.२ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चार थेंब. तो रकाना भरत असताना त्या एकदम थांबल्या. इतकी वर्षं हाताला माहीत असलेला तो कडा त्यांना पहिल्यांदा आकड्यांत दिसत होता. मग मी विचारलं, डाग किती वेळ रेंगाळतो हे कसं ठरवायचं? त्या म्हणाल्या, "जितकं आम्ल उरलंय, तितका तो लवकर जाणार. आम्ल संपत आलं की वेळ वाढणार." मी म्हटलं, बाई, हेच लिहायचं. ह्यालाच मॉडेल म्हणतात. त्यांना खरं वाटेना. मॉडेल म्हणजे काहीतरी अवघड, आपल्या आवाक्याबाहेरचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. दोन तासांनी एक भला मोठा सेल शंकुपात्र झाला होता आणि सामूच्या आकड्यानुसार रंग घेत होता. दिसायला अगदीच साधा. पण त्यात घाई करता येत होती, आणि घाईची किंमत मोजावी लागत होती.

तयार प्रयोग इतके असताना शिक्षकांनी स्वतः करायचा खटाटोप कशाला, असं मला अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. नोबेल मिळाल्यानंतरच्याच वर्षी, २००२ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला, असे तयार प्रयोग देणारा फेट प्रकल्प माझ्याही रोजच्या वापरातला आहे. ते लोक प्रत्येक प्रयोग मुलांपुढे ठेवून, मुलं कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघतात, आणि ती काळजी त्यांच्या कामात दिसते. तितकं सफाईदार कुणा एकट्या शिक्षकाच्या हातून होणार नाही, व्हायचीही गरज नाही. पण तयार प्रयोग उत्तर देतो तो त्याच्या कर्त्याला पडलेल्या प्रश्नाचं. आपल्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरून परवा आलेला प्रश्न त्यात नसतो. शिवाय दुसऱ्यानं केलेली वस्तू दुसऱ्याच्या वेळापत्रकानं जाते. ब्राउझरमध्ये ॲनिमेशनं चालवणाऱ्या फ्लॅशचं तसंच झालं. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि पुढच्या काही दिवसांत जुनी ॲनिमेशनं ब्राउझरमधून दिसेनाशी झाली. एका शिक्षकांनी मला त्यांचा फोल्डर दाखवला होता. धड्याच्या क्रमानं लावलेल्या, नावं घातलेल्या, वर्षानुवर्षं गोळा केलेल्या फायली. एकही उघडेना. त्यांनी फोल्डर तरीही पुसला नव्हता. शेजारी त्यांची हस्तलिखित टिपणवही होती, कुठल्या क्षणी ॲनिमेशन थांबवायचं आणि मुलांना काय विचारायचं त्याची. वही अजून उघडत होती.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून झालेली साधनं कमी नाहीत. साल्झबुर्गमध्ये शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं गणितासाठीचं जिओजेब्रा आहे, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं एमआयटीचं स्क्रॅच आहे. मला सगळ्यात भावतं ते स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस्को एस्केम्ब्रे यांचं इझी जावा सिम्युलेशन्स, कारण त्याची मांडणीच शिक्षकाच्या डोक्यासारखी आहे. एका पानावर वर्णन, दुसऱ्यावर मॉडेल, तिसऱ्यावर दृश्य. मॉडेलच्या पानावर चलं लिहायची, सुरुवातीच्या किमती द्यायच्या, आणि एका छोट्या तक्त्यात सांगायचं: कोन बदलतो वेगानं, वेग बदलतो त्वरणानं. पुढे पाऊल कसं टाकायचं ते साधन बघून घेतं, ऑयलरच्या साध्या पद्धतीनं की रुंगे-कुट्टाच्या जास्त अचूक पद्धतीनं, यादीतून निवडलं की झालं. भौतिकशास्त्र माणसाचं, हमाली यंत्राची.

आणि तरीही, त्या लंबकानंतर, मी त्या यादीकडे पूर्वीइतक्या निश्चिंतपणे बघू शकत नाही. चांगली पद्धत निवडली की लंबक वाढतच नाही. सरांना तो प्रश्नच पडला नसता.

एका गटात किरणोत्साराचा अर्धायुकाल करायचा होता. शंभर नाणी, प्रत्येक फेरीत उडवायची, छापा पडला की ते नाणं बाहेर. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन आहे. त्याच्या जोरावर शंभर नाणी शंभर ओळींत मावली. पहिल्या फेरीनंतर उरली ५३. कुणीतरी एक कळ दाबली आणि सगळे आकडे बदलले, ४६. पुन्हा दाबली, ५१. "हे दर वेळी वेगळं येतंय, आमचं काही चुकतंय का?" ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही, खरं तर दुसऱ्या टेबलाशी अडकले होते म्हणून. परत आले तर त्यांच्यातलेच एकजण बाकीच्यांना सांगत होते की हेच तर खरं आहे, पन्नास हा आकडा पुस्तकातला, कुठलं नाणं कधी जाणार हे नाण्यालाही माहीत नसतं. मग ते शंभराची हजार नाणी करून बघत होते आणि रेघ गुळगुळीत होत जाताना एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मी तिथे नव्हते म्हणून ते झालं, हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. बराच नंतर सुचला.

पडद्यावरच्या प्रयोगांबद्दल माझं मन आजही दोन्हीकडे ओढलं जातं. लंबकाचा प्रयोग म्हटलं की मला आठवतो बोटाला चिकटणारा मेणचट दोरा, गाठ नेमकी कुठून मोजायची ह्यावरून चाललेला वाद, स्टॉपवॉच दाबायला झालेला उशीर, आणि वीस झोके मोजताना चौदा की पंधरा म्हणून परत केलेली सुरुवात. हे पडद्यावर नाही, आणि ते नसणं मोठं आहे. पण पडद्यावर एका सेलमध्ये ९.८ च्या जागी १.६२ लिहिलं की मीटरभर लांबीचा लंबक चंद्रावर जातो आणि दोन सेकंदांचा झोका पाच सेकंदांच्या जवळ पोचतो, इतका सावकाश की बघणाऱ्याचा श्वास त्याच्याबरोबर लांबतो. कोन १० चा ९० केला, की पाठ्यपुस्तकातलं सूत्र २ सेकंदच सांगत राहतं, आणि पावलापावलानं चालवलेला लंबक २.३७ सेकंद घेतो. सुमारे १८ टक्के जास्त. सूत्राच्या बाजूला बारीक अक्षरात 'लहान कोनांसाठी' असं का लिहिलेलं असतं, हे वाचून पाठ करणं वेगळं आणि दोन आकडे शेजारी शेजारी फारकत घेताना बघणं वेगळं. दोरा हवा, आणि हेही हवं. ह्यातलं एक निवडा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

सरांच्या वाक्याचं ओझं हलकं करायला म्हणून, की कशाला कोण जाणे, मी मधे त्या सी२ आणि सी३ च्या मागे लागले. मी जे निमिषात केलं होतं त्याला नाव आहे. नवा कोन काढताना जुना वेग वापरला तर ती ऑयलरची सरळ पद्धत. आधी वेग नवा करून घेतला आणि तो नवा वेग कोनासाठी वापरला, तर ऑयलर-क्रोमर. दोन ओळींची अदलाबदल, बस. ॲलन क्रोमर यांचा त्यावरचा लेख १९८१ चा, अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समधला. आणि ही पद्धत हाती कशी आली, तर एका शाळकरी मुलीकडून प्रोग्रॅम लिहिताना चुकून त्या दोन ओळींचा क्रम बदलला गेला. सरळ पद्धतीत जे उत्तर फुगत जातं ते आवाक्यात राहिलं, आणि कुणीतरी तिची चूक दुरुस्त करण्याऐवजी तिच्याकडे नीट बघितलं.

मी ते वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. कुणीतरी त्या मुलीच्याही खांद्यावरून वाकलं असतं, "काही नाही, ओळी उलट झाल्यात," म्हणालं असतं. माझ्यासारखंच, मदत म्हणून, मायेनं, घाईत.

त्या रात्री मी सरांची फाइल उघडली. कोनाच्या रकान्यात पुन्हा सी२ केलं, खालपर्यंत ओढलं, नरसाळं उघडलं. ती फाइल सरांना पाठवली आणि सोबत लिहिलं, की सर, तुमचा मूळ लंबक परत पाठवतेय, मी बदललेला आकडा होता तसा केलाय. तुम्ही विचारलं होतंत की ऊर्जा कुठून येतेय. तो प्रश्न छोटासा नव्हता, आणि मी तो पुसायला नको होता. पाठवल्यावर वाटलं, उगाच लिहिलं. वयानं, अनुभवानं इतक्या मोठ्या माणसाला हे काय सांगायचं. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. मी दुसऱ्या एका कार्यशाळेत गुंतले, जिथे मी पहिल्यांदाच स्वतःशी ठरवून हात मागे बांधून उभी राहत होते, आणि लोक अडकलेले बघताना ते किती कठीण जातं हे शिकत होते. एका बाईंना एका स्वल्पविरामापायी पाऊण तास लागला. तो पाऊण तास मला फार लांब गेला. त्यांना तसा गेला नसावा, कारण सापडल्यावर त्यांनी तो स्वल्पविराम टेबलावरच्या सगळ्यांना दाखवला.

मग सरांचं उत्तर आलं. लांबलचक, परिच्छेद न पाडता लिहिलेलं. त्यांनी वाढणारा लंबक वर्गात दाखवला होता, काहीच न सांगता. दोन तास वाद झाला. एक गट म्हणाला, गुरुत्व वाढतंय. मग सरांनी गुरुत्वाचा सेल दाखवला. तो जागचा हललाही नव्हता. दुसरा गट म्हणाला, कुणीतरी ढकलतंय. कोण ढकलतंय, ते सांगता येईना. शेवटी मागे बसणारी, फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, सर, ह्या लंबकाला सगळं उशिरा कळतं. वर चढताना वेग कमी व्हायला हवा, पण तो मागच्या क्षणाचाच वेग धरून पुढे जातो, म्हणून दर वेळी थोडा जास्त चढतो. सरांनी पुढे लिहिलं होतं, "मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं. मी तिला विचारलं, मग उपाय काय? तर ती म्हणते, क्षण लहान करा. आम्ही ०.०५ सेकंदाचा ०.०१ केला. ११ अंश आला. आता ती म्हणते आणखी लहान करा, पण तास संपला. तुमच्याकडे मोठी शीट चालत असेल तर बघून सांगाल का? फॉर्म्युला मात्र बदलू नका."

मी फाइल उघडली. वेळेच्या सेलमध्ये ०.००१ लिहिलं. एका झोक्यासाठी आता दोन हजार ओळी लागणार होत्या. सी२ ला हात न लावता फॉर्म्युला धरला आणि खाली ओढत गेले, पाचशे, हजार, दीड हजार. आलेखावरची रेघ जवळजवळ सरळ पट्ट्यातून चालली होती, डोळ्यांना काही फरक कळत नव्हता. शेवटच्या ओळीपाशी कोनाचा आकडा बघितला.

१०.१. मी सरांना तो कळवला आणि खाली लिहिलं, मुलीला सांगा, अजून थोडा वाढतोच आहे.